बोपचे काकांच्या छताचं तापमान

आमच्या धंद्यात काम चांगलं झालं तर ते दिसत नाही. गिऱ्हाईक नव्या हॉलमध्ये येतं, मान वर करतं, चारही कोपरे बघतं आणि विचारतं, "उजेड तर हाय, पण लाइट कुठं हाय?" एवढं ऐकलं की मी शिडी मिटते. पण तेच जर म्हणालं, "हे वर ठिपके-ठिपके काय दिसून राहिले?" तर शिडी परत उघडायची.

मी वंदना राऊत. भिलाई-दुर्गच्या घरांमध्ये छताआड लपवलेले दिवे बसवते. या धंद्यात कशी आले ते सांगत बसत नाही. आयटीआय केलं होतं, नवऱ्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि नवऱ्याला उंचीची भीती होती, एवढं पुरे. आजही नव्या घरी गेले की कोणी तरी विचारतंच, "मॅडम, मिस्त्री कब आयेगा?" मी शिडी भिंतीला टेकवते, पदर खोचते आणि वर चढते. उत्तर मिळून जातं.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. खऱ्या छताच्या खाली वीतभर अंतरावर, खोलीच्या चारही बाजूंनी प्लास्टरची एक चौकट करतात. तिच्या आतल्या कडेला तीन-चार बोटं उंच काठ असतो. मी त्याला ओठ म्हणते. ओठाच्या मागे जी खाच राहते तिला कोव म्हणतात, आणि त्या खाचेत एलईडीची पट्टी झोपवायची, तोंड वर करून. पट्टीचा उजेड आधी छताला लागतो, तिथून सांडतो आणि मग आपल्या डोक्यावर येतो. ओठ बुटका ठेवला तर सोफ्यावरून पट्टी दिसते. उंच ठेवला तर उजेड आतच कोंडतो. छताला चमकणारा रंग मारला तर पट्टीतला एकेक दाणा वर मोजून घ्यावा इतका स्पष्ट उमटतो. हे सगळं जमतं. भांडणं होतात ती उजेडाच्या रंगावर.

आणि कधी कधी पालीवर. चरोद्याला एका रेल्वे गार्डच्या घरून मला फोन आला, की छतावर संध्याकाळी मगर फिरते. मी गेले. घरातले सहा जण सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. बटण दाबलं, आणि दोनच मिनिटांत छतावरून खाटेएवढा काळा डाग सरकायला लागला, चार पाय आणि शेपटीसकट. पाल खाचेतून, पट्टीच्या अगदी वरून चालली होती. उजेड खालून, सावली वर. मी पाल हाकलली, तरी त्या घरच्या आजींनी मला जाताना विचारलं, "पण मगर गेली ना?" मी "गेली" म्हणाले. गिऱ्हाइकाला पटेल ते बोलून मोकळं व्हायचं, ही माझी जुनी सवय. त्या सवयीनं मला बोपचे काकांच्या घरात जी अद्दल घडवली, ती सांगायला हा लेख लिहायला घेतला.

बोपचे काका भिलाईच्या पोलाद कारखान्यातून, आम्ही त्याला नुसतं प्लांट म्हणतो, लोखंड वितळवणाऱ्या ब्लास्ट फर्नेसचे फोरमन म्हणून निवृत्त झाले. मूळचे गोंदियाकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. माझे वडीलही प्लांटमध्येच, त्यामुळे आम्ही एकाच सेक्टरमध्ये, दोन क्वार्टर सोडून राहायचो. काकांचं सगळीकडे नाव होतं ते त्यांच्या डोळ्यांसाठी. भट्टीचं तोंड फोडलं, वितळलेलं लोखंड नालीतून वाहायला लागलं, की काका नुसता रंग बघून आकडा सांगायचे. "चौदाशे सत्तर." मग कोणी तरी मीटरची लांब कांडी त्या धारेत बुडवायचं, आणि म्हणायचं, "बराबर है दादा." वडील हे आम्हाला जेवताना सांगायचे. लहानपणी मी काकांसमोर जायला घाबरायचे. वाटायचं, हे आपल्याकडे बघूनच ताप किती आहे ते सांगतील.

निवृत्तीनंतर काकांनी दुर्गच्या बोरसी भागात घर बांधलं. आयुष्यभर क्वार्टरमध्ये एक पंखा आणि एक ट्यूबलाइट बघितलेल्या माणसाला स्वतःचं छत मिळालं की काय होतं, ते मी पुष्कळ घरांत पाहिलंय. काकांना हॉलमध्ये लपवलेला उजेड हवा होता. क्वार्टर महिनाअखेर खाली करायचं होतं, गृहप्रवेशाची तारीख निघाली होती, बाकी घर तयार होतं. फक्त हॉलचं छत राहिलं होतं.

खाच छान झाली. प्लास्टरच्या फुलापानांची नक्षी काकूंना आवडली होती, पण धूळ कोण पुसणार म्हटल्यावर त्या स्वतःच साध्या गोलाईवर आल्या. मग मी पट्टीचं रीळ काढलं. काकांनी डब्यावरचा आकडा वाचला आणि मागे सरकले.

"हे काय लिहिलं हाय वं? तीन हजार?"

"हो काका. घरासाठी हेच चांगलं. तीन हजार केल्विन."

"भट्टीत चौदाशे ऐंशीले लोखंड पाण्यासारखं वाहते. अन तू माह्या सोफ्यावर तीन हजार लावून राहिली?"

मी समजावलं, की हा गरमीचा आकडा नाही, रंगाचा आहे. एखादी वस्तू तेवढी तापवली तर ती ज्या रंगाची दिसेल, तो रंग. पट्टी स्वतः फक्त कोमट होते. तीन हजार म्हणजे पिवळसर. साडेसहा हजार म्हणजे निळसर पांढरा, ऑफिससारखा.

काकांनी डब्यावरचा आकडा बोट ठेवून पुन्हा वाचला. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

"म्हणजे रंग पाहून आकडा सांगाचा. हा तर आमचाच धंदा हाय, बाई!"

तिथून पुढे ते माझे गिऱ्हाईक राहिले नाहीत, माझे फोरमन झाले. दुसऱ्या दिवशी मी गेले तर हॉलमध्ये टेबल मांडलं होतं, टेबलावर पुठ्ठ्याच्या बांधणीचं लॉगबुक, आणि काकांच्या डोळ्यांवर निळी काच. भट्टीच्या झरोक्यातून आत बघायला वापरतात ती. त्या काचेतून ते माझी नमुन्याची पाच फुटांची पट्टी तपासत होते.

"मले टॅपिंगचा रंग पाहिजे," ते म्हणाले. "लोखंड पयल्यांदा बाहेर येते ना, तो. पांढराशुभ्र, पण आतून मधासारखा."

तीन हजारची पट्टी लावली. काकांनी बघितली आणि तोंड वाकडं केलं. "मळकट हाय. हे तर स्लॅग हाय." म्हणजे लोखंडावरचा मळ. चार हजारची लावली. "थोडी बरी. पण विझून राहिली." मग साडेसहा हजारची लावली, जी मी दुकानांत आणि दवाखान्यांत बसवते. हॉलभर फ्रीजचं दार उघडल्यासारखा उजेड पडला. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला, थंडी वाजल्यासारखा.

काका मात्र खुर्चीवरून उठून उभे राहिले. "हा! हा पाहा. मध!"

"पप्पा, ये तो आइस्क्रीमवाले का डब्बा लगून राहिला," त्यांची सून रश्मी म्हणाली. तिचा नवरा बाहेरगावी नोकरीला होता, त्यामुळे घर बांधण्याची सगळी धावपळ तिनेच केली होती.

"तुले काय समजते? सह्या करा."

सह्या लॉगबुकमध्ये करायच्या होत्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन शिफ्टमध्ये प्रत्येकाने छताकडे बघून रंग लिहायचा आणि खाली सही. मलाही करायला लावली. साडेसहा हजारची पट्टी खाचेत तशीच ठेवून आठवडाभर हे चाललं. ते लॉगबुक मी नंतर नीट वाचलंय. काकूंच्या रकान्यात: "निळा. भाजी पण निळी." रश्मीच्या रकान्यात: "ब्लू", त्याखाली "व्हेरी ब्लू", त्याखाली नुसतं हिंदीतलं "वही", म्हणजे तेच. माझ्या रकान्यात "निळसर". आणि काकांच्या रकान्यात, सुंदर वळणदार अक्षरात, रोज तिन्ही वेळा: "पिवळा, उत्तम."

मला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटलाय. म्हणून एक दिवस परीक्षा घ्यायचं ठरवलं. तिन्ही नमुन्यांचे तीन-तीन फुटांचे तुकडे खाचेत ठेवले, खाली एक-दोन-तीन अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आणि काकांना म्हणाले, तोंड भिंतीकडे करा. प्लांटमध्ये ज्यांच्या एका आवाजावर तीस माणसं हलायची ते फोरमन, शाळेत शिक्षा झाल्यासारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी तुकड्यांची जागा बदलली. "आता बघा." त्यांनी साडेसहा हजारावर बोट ठेवलं. पुन्हा भिंत, पुन्हा अदलाबदल. पुन्हा साडेसहा हजार. सहा वेळा केलं. सहाही वेळा तेच.

हट्टी माणूस एकदा तरी चुकला असता. काका चुकत नव्हते. ते जे दिसत होतं तेच सांगत होते. शिडीवर उभी असताना हे माझ्या लक्षात आलं, आणि त्यांच्या डोळ्यांत वरून बघितलं तेव्हा बाहुलीत धुरकट काही तरी आहे हेही दिसलं. माझ्या आईच्या डोळ्यांत मी ते पाहिलं होतं. तिथेच बोलायला हवं होतं. पण गृहप्रवेशाला चार दिवस राहिले होते, काका खूश होते, आणि ज्या माणसाची सगळी इज्जत त्याच्या डोळ्यांवर उभी आहे त्याला डोळ्यांबद्दल काय सांगायचं? मी म्हणाले, "बरोबर आहे, काका." आणि पाच-पाच मीटरची चार रिळं, साडेसहा हजारची, खाचेत झोपवली.

गृहप्रवेश झाला. पूजा सकाळी उन्हात पार पडली, तेव्हा काही कळलं नाही. संध्याकाळी सातला पाहुणे जेवायला आले. काकांनी सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं, स्वतः बटणाजवळ गेले आणि म्हणाले, "आता पाहा." आणि उजेड लागला.

पन्नासएक माणसं एका क्षणात आजारी दिसायला लागली. ओठ जांभळे, गाल राखेसारखे. काकूंच्या कपाळावरचं कुंकू काळं पडलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी हसलं नाही. नागपूरहून आलेल्या एक मावशी माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "काहून वं, घरात कोणाचं काही झालं का?" वडाभात वाढला होता. वडे हिरवट दिसत होते. एका पाहुण्याने वास घेऊन बघितला आणि हळूच ताट घेऊन स्वयंपाकघराकडे निघून गेला, कारण तिथे अजून मिस्त्र्यांनी लटकवलेला जुना पिवळा बल्ब होता. त्याच्या मागे दुसरा गेला. मग मावशी गेल्या. अर्ध्या तासात दहा बाय आठच्या स्वयंपाकघरात पन्नास माणसं ताटं छातीशी धरून उभी होती, ओट्यावर मुलं बसली होती, कोणी तरी सिलेंडरवर बसलं होतं, आणि सगळे हसत-खिदळत जेवत होते. मीही त्यांच्यातच होते.

हॉलमध्ये काका एकटे. सोफ्याच्या मधोमध, मान वर करून, आपल्या छताकडे बघत.

थोड्या वेळाने ते दारात आले. "अंधारात काहून बसले सगळे? तिकडं एवढा उजेड हाय."

बल्ब त्यांच्या डोक्यावर जळत होता. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, त्यांनाही तेव्हाच कळलं.

सगळे गेल्यावर मी काकांना अंगणात गाठलं आणि एकदाचं बोलले. "काका, राग नका मानू. डोळे दाखवा एकदा. मोतीबिंदू असन."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी त्यांच्या भट्टीला चूल म्हटलं होतं.

"माह्या डोळ्यावर भट्टी चालली, वंदना. माहे डोळे बरोबर हायत. पट्टी तुही खराब हाय."

"मग त्या दिवशी सहा वेळा तुम्हीच निवडली ना ती?"

"जा आता घरी," ते म्हणाले.

मी गेले. आठ-दहा दिवस बोरसीकडे फिरकले नाही. बायको म्हणून काकूंनी काय सांगून पाहिलं असेल ते त्यांनाच ठाऊक. आणि एका सकाळी माझ्या दुकानासमोर रिक्षा थांबली. काका उतरले, काखेत लॉगबुक. गल्ल्यावर माझा नवरा होता, त्याला नमस्कार केला आणि माझ्यासमोर वही उघडून ठेवली.

"एक सांग. कास्ट हाउसमध्ये, भट्टीच्या तोंडाशी, चार मीटर लावले. तीन एकच सांगून राहिले, अन चौथा भलतंच सांगून राहिला. तू काय करशीन? तिघाले शिव्या देशीन का चौथा बदलशीन?"

"चौथा बदलीन."

त्यांनी वहीवर बोट ठेवलं. निळा, ब्लू, निळसर. पिवळा, उत्तम. "मी आठ दिवस वाचून राहिलो हे. चौथा मीटर मी हाय. चल, डॉक्टरकडं. बायकोले नको सांगू, ते रडन."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बघितलं आणि विचारलं, "दादाजी, भट्टीपर काम करते थे क्या?" म्हणाल्या, आगीसमोर आयुष्य गेलेल्यांच्या डोळ्यांतलं भिंग असं पिकतं, पिवळं होतं, मग तपकिरी. आपण रंगीत चष्मा घातलाय हे माणसाला कळत नाही, कारण तो रोज थोडाथोडाच रंगत जातो. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करू, महिन्याभराने डाव्याचं.

तो मधला महिना मी जन्मात विसरणार नाही.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली आणि काका घरी आले ते हॉलच्या दारातच ओरडले. "निळा! हा कोणं लावला?" रश्मीने कपाळाला हात लावला. मग त्यांनी उजवा डोळा मिटला. "पिवळा." डावा मिटला. "निळा." मला फोन. "वंदना, भट्टी अर्धी पेटून राहिली, अर्धी विझून राहिली. लवकर ये."

मी गेले तेव्हा ते सोफ्यावर बसून एकेक डोळा मिटत होते. एक मिटायचा, वर बघायचं, दुसरा मिटायचा, वर बघायचं. शेजारच्या साहूबाई तब्येत विचारायला आल्या आणि नेमक्या त्यांच्या समोर बसल्या. काकांचं ध्यान त्यांच्या डोक्यावरच्या छताकडे. डावा डोळा मिटला. उजवा मिटला. पुन्हा डावा. साहूबाई चहा अर्धा टाकून उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन काकूंना म्हणाल्या, "दीदी, भइया ला का होगे हे?" म्हणजे भैयांना झालंय तरी काय. पुढचा पूर्ण महिना त्या कुंपणापलीकडूनच बोलायच्या.

काकांनी उपायही शोधला होता. "डावीकडं साडेसहा हजार राहू दे, जुन्या डोळ्यासाठी. उजवीकडं तीन हजार लाव, नव्यासाठी. मी मधात बसतो."

"काका, महिन्यानं दुसरा डोळा झाला की परत बदलावं लागन."

"मंग बदलू. तवरीक काय मी छत पाहू नाही?"

आणि मी लावली. हो. शिडीवर चढून अर्ध्या हॉलची पट्टी बदलली. खोलीच्या मधोमध, सोफ्यावरून, रंगाची सरळ रेघ गेली. काकू म्हणाल्या, "सोफ्यावर बसले की माहा एक हात मेलेला अन एक जिता दिसते." बोरसीतली माणसं बघायला यायची. एकाने मला विचारलं, ही नवीन डिझाइन आहे का, आमच्याकडेही कराल का. मी त्याचं काम घेतलं नाही, पण क्षणभर विचार केला होता हे कबूल करते.

महिन्याने डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मला वाटलं, आता काका छताबद्दल भाषण देतील. पण फोन आला नाही. चार दिवस, आठ दिवस. शेवटी मीच गेले. काका अंगणात बसले होते, डोळ्यांवर काळा चष्मा. हॉलकडे पाठ करून.

"दोन्ही डोळ्यांनी एक दिसतंय ना आता?" मी विचारलं.

"दिसते. सगळं दिसते." मग म्हणाले, "डॉक्टरीण म्हणे, किती तरी वर्सापासून होत असन. म्हणजे नोकरीत होतो तवाच. मी विचार केला, मंग शेवटी शेवटी मी आकडे कसे बरोबर सांगून राहिलो होतो? त टेंभरेले फोन केला."

टेंभरे म्हणजे काकांच्या हाताखालचा जुना माणूस, मीटरची कांडी धरणारा. तो अजून नोकरीत होता.

"मी त्याले म्हटलं, खरं सांग, तुले माही शपथ. त तो पयले हसला. मंग म्हणे, दादा, तुमी पन्नास-साठ डिग्री चुकून राहिले होते. कधी सत्तर. आमी मीटरचा आकडा खाली लिहून घेत होतो अन तुमाले 'बरोबर' म्हणत होतो. म्हटलं, किती वर्सं? त म्हणे, चार-पाच."



"नुकसान काही झालं नाही," काका म्हणाले. "काम मीटरवरच होत होतं. माह्या आकड्यावर नाही. मी फक्त उभा राहत होतो अन वरडत होतो. सगळ्या शिफ्टले माहीत होतं, वंदना. कँटीनवाल्यालेही असन. मले सोडून."

मग मी सांगून टाकलं. "काका, मलाही माहीत होतं. चिठ्ठ्या लावल्या त्याच दिवशी. तरी मी 'बरोबर' म्हणाले आणि पट्टी लावली."

त्यांनी चष्मा काढला. डोळे स्वच्छ, काळेभोर, पोरासारखे दिसत होते. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "हो, पण तू चार दिवसांत बोलली. ते पाच वर्सं नाही बोलले." आणि उठले. "आण तुही पट्टी. काय असन ते लाव."

मी दोन्ही रंगांची मिळून चारही रिळं काढली आणि काकांना डबा न दाखवता तीन हजारची लावली, पूर्ण हॉलला. पट्टीचा दाणा कुठे दिसत नव्हता, उजेड छतावरून भिंतींवर गुळाच्या पाकासारखा उतरत होता. काका हॉलच्या मध्यभागी हात मागे बांधून उभे राहिले. सवयीने त्यांच्या तोंडून आकडा गेला.

"दोन हजार सातशे."

माझ्या जिभेवर "बरोबर" आलंच होतं. मी ते गिळलं. "चुकलं, काका. तीन हजार."

ते गर्रकन माझ्याकडे वळले. "चुकलं?"

"तीनशेनं चुकलं."

काका हसायला लागले. आधी हळू, मग खोकला येईपर्यंत. रश्मी धावत बाहेर आली. "क्या हुआ पप्पा?" ते डोळे पुसत तिला सांगत होते, "चुकलो मी! ही म्हणते चुकलो!" लॉटरी लागलेला माणूस सांगतो तसं. मग मला म्हणाले, "थांब, परत सांगतो," आणि पुन्हा वर बघायला लागले.

तेवढ्यात काकू ताटात तांदूळ घेऊन आल्या, सोफ्यावर बसल्या, छताकडे बघितलं. या सगळ्या भानगडीत त्यांना कोणी विचारलंच नव्हतं हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी विचारलं, "काकू, तुम्हाला कसं वाटते?"

"चांगलं हाय वं," त्या म्हणाल्या. "लय सुंदर हाय. एखाद्या हॉटेलसारखं." मग ताट डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. "पण तांदूळ निवडाले दिसून नाही राहिलं. मले तर बाप्पा पयल्यापासून ट्यूबलाइटच पाहिजे होती. मधात."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी काकांकडे. एवढं नितळ छत मी त्या वर्षात दुसरं केलं नव्हतं. मी दुकानातून चार फुटी ट्यूब आणली, शिडी हॉलच्या मधोमध उभी केली आणि माझ्याच हाताने त्या छताला भोक पाडलं. काका शिडी धरून उभे राहिले आणि प्लास्टरचा चुरा त्यांच्या डोक्यावर पडत राहिला. वायर खेचली, ट्यूब बसवली, खाली उतरले.

काकूंनी बटण दाबलं, ताट मांडीवर घेतलं आणि बोटांनी तांदूळ पसरले. पहिल्याच मुठीत तीन खडे निघाले.